शस्त्रप्रमुख, मुक्काम वलवण

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं काही घडायला लागलं आहे.

गोडाऊनवर अनघा नावाची मुलगी आली. सिनेमाची आर्ट डायरेक्टर. युनिटसाठी खुर्च्या, टेबलं आणि जेवणाचा तंबू भाड्याने हवा होता. बोलता बोलता तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे आपला जुना चांद्रमोहिमेचा गणपती-देखावा पडलाय. रॉकेट, थर्माकोलचे खड्डे, हेल्मेट घातलेला उंदीर. विचारलं, हे कुणी केलं? म्हटलं, अस्मादिकांनी. मग म्हणाली, आम्हाला थोड्या बंदुका पण करून द्याल का, सायन्स फिक्शन आहे, साल २३९०, सैनिक परग्रहावर लढतात.

थोड्या बंदुका हा तिचा विनय. अर्थ सरळ आहे. चित्रपटाची संपूर्ण शस्त्रव्यवस्था माझ्याकडे आली आहे.

मी एकच विचारलं, पडद्यावर नाव येईल का? म्हणाली, काम चांगलं झालं तर येतंच की.

अमृत केदारी, शस्त्रप्रमुख. वीस वर्षं मांडव घातले. लोकांची लग्नं, लोकांचे गणपती, लोकांची बारशी. नाव कुठे आलं? खुर्चीच्या पाठीवर. आणि लोक त्यालाच पाठ टेकून बसतात.

सुषमा म्हणाली, अहो, पितृपक्ष लागलाय, नवं काम धरू नका. बायकोला समजावलं, २३९० साली पितृपक्ष नसतो. ती म्हणाली, का? तेव्हा माणसं मरायची थांबणारेत?

उत्तर उद्या देईन.

१० सप्टेंबर

नवरात्र मंडळाचे लोक आले. मांडव, कमान, लायटिंग, दरवर्षीप्रमाणे. सांगितलं, यंदा जमणार नाही, मी आता शस्त्रात आहे. अध्यक्ष बाजीरावने पावतीपुस्तक मिटलं. मग सुषमाला हळूच विचारलं, वहिनी, शेठची तब्येत बरी आहे ना?

निलेशला बोलावलं. सुषमाचा धाकटा भाऊ. टेम्पो, बांबू, कापड, माणसं, सगळं सीझनपुरतं त्याच्या हवाली केलं. युनिटचा तंबूही त्यालाच दिला. दोन्हीकडे लक्ष देणारा माणूस कुठेच मोठा होत नाही. निलेश म्हणाला, दाजी, बघा बरं का, मध्येच परत मागायचं नाही. मी हसलो. मोठी माणसं हसतात तसं.

संकल्प: उद्यापासून पहाटे व्यायाम. शस्त्रप्रमुखाचं पोट असं असून चालणार नाही.

११ सप्टेंबर

पाऊस.

१३ सप्टेंबर

पहिलं शस्त्र तयार. प्लाझ्मा रायफल. नाव ठेवलं 'ज्वालिनी'. मूळ शरीर शेतीच्या फवारणी पंपाचं. त्याला पीव्हीसी पाइप, हेअर ड्रायर, टेम्पोचा जुना इंडिकेटर. ऊर्जाकक्ष म्हणून मिक्सरचं मधलं भांडं. झाकण पारदर्शक आहे, त्यामुळे आतला दिवा छान दिसतो. वरून चंदेरी रंग.

इंटरनेटवर खऱ्या सैन्याच्या रायफली पाहिल्या. फारच साध्या. काळ्या, बारीक, एकीलाही दिवा नाही. आश्चर्य वाटतं, एवढं बजेट असून कुणाला सुचलं कसं नाही.

सुषमाने विचारलं, भांडं कुठाय? म्हटलं, देशासाठी गेलं. म्हणाली, देशाला चटणी वाटायचीय का?

बाकीच्या बंदुका याच धर्तीवर. गावात जुने पंप भरपूर. हेअर ड्रायर कमी पडतायत. सुषमाच्या भिशीत विचारायला हवं, पण ती विचारणार नाही म्हणते.

१६ सप्टेंबर

दिव्यांचा प्रश्न होता. आपल्याकडचे कंट्रोलर मांडवाचे. म्हणजे दिवे पळतात. लाल, हिरवा, पिवळा, मग सगळे एकदम, मग उलटे. निलेश बघून म्हणाला, दाजी, चपला काढाव्याशा वाटतात. त्याला युद्धशास्त्र कळत नाही. दिवे पळत असले की गोळी नक्की कुठून येणार हे शत्रूला समजत नाही.

गोळीचाही प्रश्न सोडवला. वरमाला पडल्यावर आपण कागदाचा धमाका उडवतो ना, तीच नळी आत बसवली. चाप ओढला की फाट्ट करून चंदेरी कागदांचा फवारा. स्वयंपाकघरात चाचणी घेतली. पूर्ण यशस्वी.

आमटी गाळून घ्यावी लागली.

हातबॉम्ब: साचे करत बसायला वेळ नाही. बाजारात सीताफळं आली आहेत. हातबॉम्बचा आकार निसर्गानेच देऊन ठेवलाय, माणसाने फक्त रंग मारायचा. टोपलीभर आणली. कडक बघून घेतली.

१८ सप्टेंबर

'अमृत मंडप डेकोरेटर्स' हा बोर्ड उतरवला. नवा चढवला. 'अमृत केदारी, शस्त्रप्रमुख. येथे सर्व प्रकारची आधुनिक शस्त्रे बनवून मिळतील.'

दुपारी एक हवालदार मोटरसायकल थांबवून बोर्ड वाचत उभे राहिले. मनात जबाब जुळवला. चेहरा स्थिर ठेवला. एवढ्या मोठ्या कामात हे व्हायचंच.

त्यांना पोलीस लाइनीतल्या देवीसाठी खुर्च्या हव्या होत्या. निलेशचा नंबर दिला. जाता जाता म्हणाले, आणि ते विळ्या-कोयत्यांना धार पण लावता का?

२० सप्टेंबर

दिग्दर्शकाची भेट. प्रितम नाव. लोणावळ्यात बंगला घेऊन राहिलाय. वय फार तर तीस, दाढी मात्र पन्नाशीची. ज्वालिनी त्याच्यासमोर ठेवली. दिवे चालू केले. चाप ओढला. कागद त्याच्या कॉफीत पडले.

तो एकेक कागद बोटाने बाहेर काढत बसला. भारावला असावा. मग अनघाला म्हणाला, हे नवरीची एंट्री वाटतंय यार, पण आपल्या बजेटमध्ये हेच बसतं का? अनघाने मान हलवली. मग मला म्हणाला, दादा, दिवे काढा, कागद काढा, चंदेरीचं काळं करा, मॅट. बाकी भारी आहे.

बाकी भारी आहे. त्याचेच शब्द. घरी येऊन सुषमाला शब्दशः सांगितले. ती म्हणाली, बाकी म्हणजे माझं भांडं.

रात्री सगळ्या बंदुका काळ्या केल्या. दिवे काढले. कागदाच्या नळ्या आत राहू दिल्या. दिग्दर्शक तरुण आहे, त्याचं मत बदलेल.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. मंडळाच्या मांडवावरून गेलो. निलेशने कमान बरी उभारली आहे. डावीकडे जरा कललेली वाटली. थांबून सांगितलं नाही. ते जग आता माझं नाही.

रात्री परत जाऊन लेव्हल बॉटल लावून पाहिली. सरळ निघाली.

२४ सप्टेंबर

शूटिंगचा पहिला दिवस. तिकोणा पेठेच्या वरचा माळ. परग्रह लाल, ओसाड आणि कोरडा ठणठणीत हवा होता. जागा प्रितमने मे महिन्यात पाहून ठेवली होती. आज गुडघाभर गवत, सोनकीची पिवळीधमक फुलं, खाली पवना धरण काठोकाठ. प्रितम फोनमधला मे महिन्याचा फोटो समोर धरून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, ओके, ग्रहावर जीवसृष्टी आहे.

जमीन विठ्ठल आबांची. आबा बांधावर बसून बघत होते. ज्वालिनी दिसल्यावर उठूनच आले. म्हणाले, आरं, ह्यो पंप न्हवं का? लय झ्याक रंगीवलाय. माज्या भातावर तुडतुडं पडल्यात, तुमचं झालं की येक टाकी मारून दे. समजावलं, आबा, हे शस्त्र आहे, २३९० सालातलं. आबा म्हणाले, व्हय, पर तवाबी तुडतुडं असत्यालच की.

सैनिक म्हणजे लोणावळ्याच्या जिममधली पोरं. दंड मोठे, पण चिखलात पळायची सवय नाही. धडाधड पडली. ज्वालिनी पडली, लोळली, पाण्यात बुडाली, तिला काही झालं नाही. जगातल्या कुठल्या रायफलबद्दल असं म्हणता येईल?

हातबॉम्ब पिकले. एक सैनिक आपटला आणि हातबॉम्ब त्याच्या खिशातच फुटला. बाकीच्यांना मुंग्या लागल्या, म्हणून जेवणानंतर वाटून टाकले. रंग सालीलाच होता.

२८ सप्टेंबर

आज झालं. झालं!

ज्वालिनीचा क्लोज-अप. हीरोने ती गालाला लावली, एक डोळा मिटला, पावसाचा एक थेंब नळीवरून ओघळला. प्रितम म्हणाला, अगेन. मग परत अगेन. मग नुसता अंगठा वर केला.

अनघाने बाजूला घेऊन सांगितलं, काका, नाव टाकतेय हं मी तुमचं. शस्त्रं, अमृत केदारी. आता फक्त एक तारखेचा लढाईचा सीन नीट होऊ दे, कॅमेऱ्याची क्रेन त्या एकाच दिवसाची मिळालीये. मला 'काका' म्हणाली, ते मी सोडून दिलं.

शेजारी, दुकानदार, चिक्कीवाला, दूधवाला, सगळ्यांना सांगून झालं. बाजीरावला मुद्दाम जाऊन सांगितलं.

सुषमाने पहिल्यांदाच नीट विचारलं, किती वेळ दिसेल नाव? म्हटलं, वाचून होईस्तोवर. ती म्हणाली, मग आईंचा चष्मा आधी बदलून आणू. माझ्या आईबद्दल ती असं सहसा बोलत नाही.

३० सप्टेंबर

सगळ्या बंदुका गोडाऊनवर. पुसल्या, आवळल्या, रंगाचे टच-अप. उद्या सकाळी युनिटची गाडी न्यायला येणार. क्रेन पण उद्याच.

उद्या लवकर उठून व्यायाम करावा म्हणतो. फोटो निघतील.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी

खंडेनवमी. व्यायाम नाही, कारण आज मोठा योग.

वडिलांपासून या दिवशी गोडाऊनवर हातोडी, ड्रिल, शिडी, टेम्पो यांची पूजा होते. यंदा ती सगळी निलेशकडे. पण माझ्याकडे काय आहे? शस्त्रं! लोक शस्त्रपूजनाला पाना-पक्कड पुजतात. अख्ख्या मावळात आज खरोखर शस्त्रपूजन करणारा घरगुती माणूस मीच असेन.

पाट मांडले. बंदुका ओळीने निजवल्या. तेलात कालवलेलं कुंकू, हळद, अक्षता, झेंडूचे हार. प्रत्येक नळीत एक टपोरं फूल. सुषमा म्हणाली, सरका, भांडं माझं आहे, त्याची पूजा मीच करणार. तिने ऊर्जाकक्षावर कुंकवाची पाच बोटं ओढली. ठसठशीत. नारळ फोडला. मला भरून आलं.

त्यानंतर थोड्या वेळाने

गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, चला, बंदुका भरा. मी वाकलो, आणि हात तिथेच थांबला.

पुजलेलं हत्यार नवमीला उचलत नाहीत. आज त्याला सुट्टी. उद्या उत्तरपूजा झाली की मगच हात लावायचा. वडिलांनी एकदाच नवमीला शिडी हलवली होती. तिच्यावरूनच पडले.

सुषमा दारात हात पसरून उभी. म्हणाली, गाडीवाल्या दादांना चहा देते, पण बंदुकीला बोट लावायचं नाही कुणी.

अनघाला फोन केला. शांतपणे सांगितलं, युद्ध उद्या. ती म्हणाली, काय? म्हटलं, शस्त्रं बसलीयेत. म्हणाली, मग उठवा ना काका! म्हटलं, उद्या उठतील. मागून क्रेनचा आवाज येत होता.

मग प्रितमचा फोन. त्याला विचारलं, तुम्ही तुमच्या बुलेटची पूजा नाही करत दसऱ्याला? म्हणाला, करतो ना, आणि मग तिच्यावर बसून फिरायला जातो. शहरी माणसं. त्यांना पूजा म्हणजे फोटो.

दुपारी

कळलं ते असं: क्रेन आली, उभी राहिली, गेली. सैनिकांनी रिकाम्या हातांनी तंबूत पुरणपोळी खाल्ली.

मनातून सगळ्यांना माझ्याबद्दल आदर वाटला असणार. तत्त्वासाठी परग्रहावरचं युद्ध थांबवलं, असा माणूस आजवर झाला नसेल. अनघा फोन उचलत नाही. कामात असेल.

२ ऑक्टोबर. दसरा

उत्तरपूजा उरकून पहाटेच शस्त्रं माळावर नेली. हार उतरले. कुंकू उतरलं नाही. तेलातलं कुंकू, मॅट रंग, रात्रभर मुरलेलं. साबण लावला. रॉकेल लावलं. थिनर लावलं, तर रंग गेला आणि कुंकू राहिलं.

अनघा एकदा फोनमधला क्लोज-अप बघायची, एकदा ज्वालिनी. तिकडे काळीकुळकुळीत, इकडे पाच बोटं. म्हणाली, काका, सिनेमात या दोन शॉट्समध्ये दोन सेकंद आहेत. मी उपाय सुचवला, मध्ये दसरा होऊन गेला असं दाखवा. प्रितमने माझ्याकडे पाहिलं. सूचनेचा विचार करत असावा.

तरी लांबून एक शॉट घेतला. परग्रहावरचा राक्षस टेकाडावरून आला, हीरोने नेम धरला, चाप ओढला. नळीतली फुलं काढायची माझ्याकडून राहिली होती. आतली कागदाची नळीही होतीच. फाट्ट! झेंडू थेट राक्षसाच्या कपाळाला आणि मागोमाग अंगभर चंदेरी कागद. राक्षसाच्या कातड्यात कामशेतचा एक पोरगा होता. फूल लागल्याबरोबर त्याने सवयीने हात जोडले.

आबा बांधावरून ओरडले, आत्ता कसं! लागलं लगीन!

सगळं युनिट हसलं. प्रितम सोडून. आबांनी सगळ्यांना आपट्याची पानं वाटली, सोनं घ्या म्हणाले. प्रितमने घेतली आणि हातात धरून दगडावर बसून राहिला.

४ ऑक्टोबर

निर्णय झाला. सगळी शस्त्रं कॉम्प्युटरवर काढणार. क्लोज-अपमधल्या ज्वालिनीवरही नवी बंदूक चढवणार. सैनिकांच्या हातात नुसत्या काठ्या, हिरवं कापड गुंडाळलेल्या. मागेही भलंमोठं हिरवं कापड. हिरवं ते सगळं कॉम्प्युटर पुसतो, म्हणजे गवत पण जाईल, धरण पण जाईल, हवा तसा ग्रह येईल.

अनघाला विचारलं, आणि नाव? तिने चपलेचा पट्टा नीट केला. मग दुसऱ्या चपलेचा केला. म्हणाली, काका, पडद्यावर ज्याचं काम दिसतं त्याचंच टाकता येतं हो.

हार मानली नाही. म्हटलं, काठ्या मी पुरवतो, बांबूतलं मला कळतं. म्हणाली, निलेशदादांनी सकाळीच दिल्या.

हे एका अर्थी बरंच झालं. कुठल्या अर्थी, ते उद्या लिहीन.

५ ऑक्टोबर

हिरवं कापड युनिटच्या माणसांना लावता येईना. पवनेवरून वारा येतो आणि शिडासारखं फुगवतो. शेवटी निलेशला विचारलं. त्याने दुहेरी बांबू उभे केले, खाली वाळूची पोती, कापड ओलं करून ताणलं. प्रितम म्हणे त्याच्यासमोर पाच मिनिटं उभा होता. म्हणाला, एक सुरकुती नाही! या अख्ख्या पिक्चरमध्ये हे एकच काम मला मी सांगितलं तसं मिळालं.

निलेशचं नाव टाकणार आहेत.

दुहेरी बांबू आणि ओलं कापड त्याला शिकवलं कुणी, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहायला जागा नाही.

सुषमाने माहेरी फोन केला. भावाचं नाव येणार म्हणून सांगत होती. आवाज बारीक करून. मी आतल्या खोलीत झोपलोय असं तिला वाटलं.

बाजीराव रस्त्यात भेटला. काही विचारलं नाही. चहा पाजला. हे जास्त लागलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

निलेशकडे माणूस कमी होता. म्हणाला, दाजी, येता का, डावा कोपरा धरायचाय, वाऱ्याने सुटतोय. गेलो. सल्लागार म्हणून.

सकाळपासून बांबू धरून उभा. युद्ध माझ्यासमोरच झालं. सैनिक काठ्या रोखून तोंडाने ठो ठो करत पळत होते, आणि खरं सांगायचं तर शोभत होते. हीरो माझ्यापासून चार हातांवर मेला. मग कॅमेरा माझ्या बाजूला वळला. मी पोट आत घेतलं.

अनघा ओरडली, काका, तुमचा हात येतोय फ्रेममध्ये! म्हटलं, काढू का? म्हणाली, नको नको, कापड सुटेल, असू दे, नंतर पुसून टाकता येतो. मग स्वतः धावत आली आणि एक हिरवा हातमोजा दिला. हा घातला की पुसायला सोपं जातं म्हणाली.

घातला. मापात बसला.

उद्याही बोलावलंय, म्हणून हातमोजा घरी आणलाय. सुषमाला सांगितलं, धुवायला टाकू नको, रंग उतरेल. तिने तो तसाच ओला खिडकीत वाळत घातलाय.